तिसऱ्या भागातलं पन्हं

आमच्या वाचनगटात परवा भांडण झालं. पुण्यातलं भांडण, त्यामुळे आवाज कुणाचाच चढला नाही. सगळे एकमेकांना एकदम 'आपण' म्हणायला लागले, त्यावरून मी ओळखलं. निमित्त एका कादंबरीचं होतं. तिचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव घेतलं की लगेच दोन तट पडतात आणि मला जे सांगायचं आहे ते राहून जातं. कोर्टातली थरारक कादंबरी आहे, एवढं पुरे. एका बिल्डरचा खून होतो, त्याच्या ड्रायव्हरला पकडतात आणि एक नवखी वकीलबाई त्या ड्रायव्हरचं वकीलपत्र घेते. मी तिशीत असताना ती पहिल्यांदा आली आणि घराघरांत वाचली गेली. आता तिच्यावर मालिका येते आहे म्हणे, म्हणून नवं मुखपृष्ठ चढवून नवी आवृत्ती निघाली आणि आमच्या गटाने ती या महिन्यासाठी निवडली.

बँकेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी लिहिलं, "एका बैठकीत संपवली. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या." त्यावर आमच्यातला सर्वांत तरुण मुलगा, आयटीतला, म्हणाला, "पेस मस्त आहे, बट एंडिंग फारच रश्ड वाटलं. कोर्टात एवढं बिल्ड-अप केलं आणि लास्टला काय, तर घाटात कारचेस?" गटात एक वकील आहेत. ते म्हणाले, "आपल्याकडे न्यायाधीशांच्या टेबलावर हातोडा नसतो. लेखकाने एकदा कोर्टात जाऊन बसायला हरकत नव्हती. प्रवेश फुकट असतो." कुणाला भाषा ताकासारखी पातळ वाटली, तर बँकेतल्या बाईंनी कळवलं की उन्हाळ्यात ताकच बरं. तिथून पुढे 'आपण' सुरू झालं.

मी काहीच लिहिलं नाही. फोन उलटा ठेवून कैऱ्या किसायला घेतल्या. धायरीत आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एप्रिल लागला की एक हातगाडी उभी राहते. गाडीवाला एखादी कैरी कापून फोड हातावर देतो, ती तोंडात टाकली की दात आंबतात. माझा उन्हाळा असा दातांतून सुरू होतो. मग बाकीचं सगळं पाठोपाठ येतं: दुपारी ओढून घेतलेले पडदे, माठाला गुंडाळलेलं ओलं फडकं, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांचा आंबूस वास, आणि बिबवेवाडीतल्या माझ्या माहेरच्या गॅलरीत आरामखुर्चीत बसलेले बाबा. हे दरवर्षी येतं. यंदा त्या कादंबरीमुळे जरा जास्तच आलं.

त्या वर्षी होळीच्या सुमाराला बाबांना अर्धांगाचा झटका आला होता. हलका, असं डॉक्टर म्हणाले. उजवा हात जड झाला, पाय ओढला जायला लागला, पण ते महिन्याभरात पुष्कळ सुधारलं. बोलणं तेवढं राहिलं. काय म्हणायचं ते त्यांना ठाऊक असायचं, डोळ्यांत दिसायचं, पण जिभेवर येता येता त्याचा लगदा व्हायचा.

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर त्याने चालवून घेतलं असतं. बाबांना ते जमणं कठीण होतं. ते जन्मभर कोर्टात बेंच क्लार्क होते, म्हणजे न्यायाधीशांच्या पुढ्यात बसून त्या दिवसाची प्रकरणं हातावेगळी करणारे कारकून. पिंजऱ्यात आलेल्या साक्षीदाराला शपथ तेच द्यायचे. "ईश्वरसाक्ष खरे सांगेन" हे शब्द त्यांनी किती जणांकडून म्हणवून घेतले असतील कोण जाणे. त्यांचा आवाज स्वच्छ होता, ण आणि ळ तर असे की समोरचा आपोआप नीट बोलायला लागे. दवाखान्यातून घरी आल्यावर एकदा जेवताना त्यांनी पोळी मागितली आणि तोंडातून 'पोली' आलं. ते 'पोली' त्यांनी स्वतः ऐकलं. ताटातलं सगळं संपवलं, हात धुतले आणि त्यानंतर बोलायचेच थांबले.

डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "काकांना बोलतं ठेवा. हे दोन-तीन महिने महत्त्वाचे आहेत. आत्ता गप्प राहिले तर बोलणं आहे तिथंच राहील, मग मागाहून फार काही करता येणार नाही." त्या उन्हाळ्यात आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. मी शाळेत शिकवायचे. सुट्टी लागली तशी रोज जेवण उरकून धायरीहून स्कूटरवर बिबवेवाडीला जायचे आणि दारातच आईच्या तोंडाकडे बघायचे. ती मान हलवायची. आजही काही नाही.

तिने सगळं करून पाहिलं. वाचा-उपचाराच्या बाईंनी क-का-कि-कीचा तक्ता दिला होता, तो बाबांनी ज्या नजरेने पाहिला त्यानंतर कुणी बाहेर काढला नाही. नातेवाईक बोलावले, ते तासभर बोलून गेले, बाबांनी मान डोलावली. ज्याला उत्तर द्यावंच लागेल असे प्रश्न आई विचारायची: चहा करू की सरबत? बाबा सरबताच्या बाटलीकडे बोट करायचे. "इतकी वर्षं न्यायाधीशांपुढे बसून माणूस दुसरं काय शिकणार," आई स्वयंपाकघरात येऊन मला म्हणायची, "मान डोलवायलाच." म्हणताना हसायची आणि लगेच ओट्याकडे तोंड करून उभी राहायची.

आता त्या कादंबरीकडे येते. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर मनोहरकाकांची लायब्ररी होती. एका गाळ्यात मावेल एवढी, पण बिबवेवाडीतल्या निम्म्या बायकांचा जीव तिच्यात अडकलेला. ही कादंबरी आल्यावर तिच्यासाठी इतकी झुंबड उडाली की मनोहरकाकांनी एक युक्ती केली. पुस्तक घेऊन ते बुधवार पेठेत त्यांच्या बाईंडरकडे गेले, त्याचे तीन तुकडे करवले आणि तिन्ही तुकडे निरनिराळे बांधून आणले. तपकिरी कव्हर, वर निळ्या शाईत एक, दोन, तीन. एका पुस्तकात तीन वाचक एका वेळी. फक्त भाग ओळीनेच मिळेल याची हमी नव्हती. कुणाला तिसराच भाग आधी मिळाला तर तो घ्यायचाही, आणि खुनी कोण ते ठाऊक असलेल्या माणसाचा चेहरा करून जिन्यात फिरायचा.

त्यामुळे मतंही तुकड्यातुकड्यांनी पडायची. पहिला भाग वाचलेले म्हणायचे, अशी कादंबरी झाली नाही. दुसरा वाचणाऱ्यांना कोर्ट फार लांबलंय असं वाटायचं. तिसरा संपवलेले मात्र नुसतेच "हं" करायचे आणि त्या "हं"चा अर्थ लावत बाकीचे बसायचे. शेवटचा शब्द नसीमभाभींचा. त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. बुधवारात त्यांच्या सासऱ्यांच्या वडिलांपासूनचं घड्याळांचं दुकान, आणि घरात भाभी एकट्या वाचणाऱ्या. आठवड्याला दोन कादंबऱ्या. "लेखकाला घाई झाली की मला लगेच कळतं," त्या म्हणायच्या, "पोळ्या शेवटी शेवटी जाड व्हायला लागतात ना, तसं."

आईने पहिला भाग आणला तो स्वतःसाठी. त्या दिवशी गुरुवार होता. गुरुवारी दुपारी वीज जाते ही पुण्याची रीतच आहे, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पंखा थांबला, घर एकदम शांत झालं. बाबा गॅलरीत डोळे मिटून, मी जमिनीवर बसून तक्कूसाठी कैरी आणि कांदा किसत होते. आई म्हणाली, "या घरात कुणीतरी बोलायला हवं बाई," आणि मोठ्याने वाचायला लागली. ती फार छान वाचायची असं नाही. तारस्वरात, सगळी पात्रं एकाच आवाजात, आणि स्वल्पविराम दिसला की हमखास थांबायची.

बरीच पानं झाली. कोर्टाचं दृश्य आलं. वकीलबाई काहीतरी ओरडून बोलते, लोक टाळ्या वाजवतात, आणि न्यायाधीश टेबलावर हातोडा आपटतात. आई पुढच्या ओळीवर गेली तोच गॅलरीतून आवाज आला.

"न... सतो."

आई थांबली. मी किसणी धरलेला हात तसाच ठेवला.

"काय नसतो?" आईने विचारलं. तिचा आवाज अगदी रोजचा होता. तो तसा ठेवायला तिला किती कष्ट पडले असतील ते मला माहीत आहे.

"हा... तोडा." बाबांचं कपाळ घामाने भरलं होतं. "हातोडा... न-सतो."

मला वाटलं आता आई रडणार, उठून त्यांचा हात धरणार. तिने चष्मा वर सरकवला आणि म्हणाली, "पुस्तकात तर छापलंय. एवढा मोठा लेखक खोटं कशाला लिहील?"

ती हे मुद्दाम म्हणाली हे बाबांना सोडून कुणालाही कळलं असतं. बाबा खुर्चीत सरळ झाले. "छा-पलं... म्हणून?" ते म्हणाले. "छापलं म्हणून... ख-रं?"

एवढे शब्द कित्येक आठवड्यांत त्यांच्या तोंडून आले नव्हते. आई शांतपणे म्हणाली, "बरं. पुढे वाचते," आणि वाचायला लागली. किसणी बाजूला ठेवून मी मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. गुरुवारी पाणीही नसतं हे नळ सोडल्यावर लक्षात आलं, त्यामुळे आवाज न करता रडावं लागलं.

तेव्हापासून रोज चारच्या चहानंतर आमच्याकडे कोर्ट भरायला लागलं. आई वाचायची, बाबा अडवायचे. साक्षीदार गीतेवर हात ठेवतो असं आलं की, "गीता... कुणी ठेवली तिथे?" वकीलबाई साक्षीदाराभोवती गोल फिरते असं आलं की, "तिला... बसायला सांग." एका आठवड्यात खटला पुढे सरकलेला पाहून ते खरोखरच चिडले. "तारीख... कुठाय? या माणसाने... एकदाही तारीख दिली नाही." आई म्हणायची, "अहो, तारखा दिल्या तर वाचणारे म्हातारे होतील." बाबा म्हणायचे, "होतात. मी... बघितलेत."

आईचा एकच नियम होता. बाबांचा शब्द अडला तर तो कुणी पुरा करायचा नाही. मला राहवायचं नाही. समोर माणूस एका अक्षराशी झगडतोय आणि आपल्याला ते येतंय, हे बघत बसणं फार कठीण असतं. तोंड उघडलं की आई माझ्याकडे बघायची. मग आम्ही दोघी थांबायचो. चहावर साय धरायची. शब्द येईपर्यंत ती पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून बसून राहायची आणि आला की लगेच, काही विशेष झालंच नाही असं दाखवत, पुढची ओळ.

आणि बाबा सांगायलाही लागले. नोकरीत असताना कोर्टातली गोष्ट त्यांनी घरी कधी आणली नव्हती. चप्पल काढावी तसं सगळं दाराबाहेर ठेवून यायचे. आता चूक दाखवता दाखवता खरं काय असतं ते सांगणं भागच पडायचं. एकदा त्यांनी धायरीतल्या एका म्हातारीची हकीकत सांगितली. धायरी तेव्हा गावच होतं. शेताच्या वाटणीवरून तिचं आणि तिच्या दिराचं वर्षानुवर्षं चाललेलं. तिला पिंजऱ्यात उभं करून बाबांनी शपथ दिली. शपथ झाली, आणि वकिलाने पहिला प्रश्न विचारायच्या आत तिने समोर बसलेल्या दिराकडे बघून विचारलं, "आन् जेवून आलायस न्हवं? का तसाच हाय उपाशी?" दीर मान खाली घालून म्हणाला, "जेवलो वैनी." न्यायाधीशांनी बाबांकडे पाहिलं. हे लिहून घ्यायचं की नाही, असा तो प्रश्न होता.

"मग? घेतलं?" आईने विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "लिहायला... पाहिजे होतं. तेवढंच... खरं होतं त्या साक्षीत."

ही एवढी गोष्ट सांगायला त्यांना अर्धा तास लागला असेल. मध्ये दोनदा हताश होऊन त्यांनी हात झटकला, पुन्हा सुरू केली. 'वहिनी' हा शब्द म्हातारीच्या दिराच्या तोंडचा आहे हे दाखवायला त्यांनी 'वैनी' म्हटलं आणि ते जमल्यावर स्वतःशीच थोडे हसले. मी आज त्याच धायरीत राहते. त्या म्हातारीचं शेत कुठल्या इमारतीखाली गेलं मला माहीत नाही. माझ्याच असेल.

पहिला भाग संपला, दुसरा संपला. मे संपत आला, गाडीवर कैऱ्यांच्या जागी आंबे आले. बाबा आता सलग चार-पाच शब्द बोलत होते, फक्त घाईत अडखळायचे आणि ळ अजून हाताला लागत नव्हता. तिसरा भाग आईने घरी आणला तेव्हा वर नसीमभाभी त्याचीच वाट बघत होत्या. त्या दर एक दिवसाआड दारात येऊन विचारायच्या, "झाला का वहिनी?" आणि आई सांगायची, "अजून थोडा राहिलाय." तो थोडा काही संपेना. शेवटी एका संध्याकाळी भाभी म्हणाल्या, "मी इथंच बसते, ऐकते तरी," आणि उंबऱ्याशी पाट घेऊन बसल्या.

त्या संध्याकाळचं प्रकरण मला जसंच्या तसं आठवतं. बिल्डरच्या घरी काम करणारी एक म्हातारी साक्षीला येते. उन्हाने तिला घेरी येते. न्यायाधीश कामकाज थांबवतात आणि शिपायाला म्हणतात, बाईंना पन्हं द्या. सरकारी वकील उठून हरकत घेतात, की साक्षीदाराला बचाव पक्षाकडून पन्हं देता येणार नाही. त्यावर बराच काथ्याकूट होतो. न्यायाधीश विचारतात, त्यात वेलदोडा आहे की केशर? शेवटी ते निकाल देतात की कोर्टातल्या सगळ्यांनाच पन्हं देण्यात यावं, म्हणजे पक्षपाताचा प्रश्न उरणार नाही.

बाबा हसायला लागले. झटक्यानंतर मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. चेहऱ्याची उजवी बाजू थोडी मागे राहायची, तिच्यासकट हसले. डोळे पुसले. मग पाठ ताठ केली, मान किंचित उचलली आणि कोर्टातल्या आवाजात म्हणाले, "साक्षीदारास पन्हे देण्यात आले. सरकार पक्षाची हरकत फेटाळली."

फेटाळली. स्वच्छ, ठणठणीत ळ. नसीमभाभींनी तोंडाला पदर लावला. आई पुस्तकात बघत म्हणाली, "हो, अगदी असंच लिहिलंय पुढे."

भाग परत गेला, भाभींनी वाचला. काही दिवसांनी लायब्ररीत मनोहरकाकांनी त्यांना मत विचारलं तेव्हा मी तिथे होते. भाभी म्हणाल्या, "वहिनींच्या घरी होता तोवर चांगला होता. माझ्याकडे येईपर्यंत बिघडला." सगळे हसले. आईच्या वाचण्याचं कौतुक म्हणून मीही हसले.

बाबा त्यानंतर दहाएक वर्षं होते आणि ती सगळी वर्षं बोलत होते. आधी जेवढं बोलले नसतील तेवढं. बातम्या ऐकताना निवेदकाला अडवायचे, मालिकेतल्या वकिलाला खाली बसवायचे, माझ्या नवऱ्याच्या गाडी चालवण्यातल्या चुका पर्वती दिसायला लागल्यापासून स्वारगेटपर्यंत ओळीने सांगायचे. "कुणी सांगितलं होतं ह्यांना बोलतं करायला," असं आई म्हणायची. त्यांना जाऊन आता चार वर्षं झाली. माणूस गेल्यावर त्याचं काय काय आठवेल याची आपण मनाशी तयारी केलेली असते. मला वाटलं होतं त्यांचा चेहरा आठवेल, हात आठवतील. मला त्यांचं अडवणं हवं असतं. मी काहीतरी चुकीचं बोलावं आणि दुसऱ्या खोलीतून "नसतो" असं ऐकू यावं. इतकी साधी इच्छा आहे आणि ती पुरी व्हायला काही मार्ग नाही.

असं सगळं आठवता आठवता कैऱ्या किसून झाल्या. मग मी फोन सुलटा केला आणि गटावर लिहिलं की शेवट घाईत झाला असेल, हातोडाही चुकीचा असेल, पण तिसऱ्या भागातलं ते पन्ह्याचं प्रकरण ज्याने लिहिलं त्याला माझ्याकडून सगळे गुन्हे माफ.

मग वकिलांनी विचारलं, "कुठलं पन्हं?" बँकेतल्या बाई म्हणाल्या, "आपण दुसऱ्या कुठल्या पुस्तकाविषयी तर बोलत नाही ना?" मुलाने ई-बुकात शोधून कळवलं, "पन्हं सर्च केलं मॅम. झीरो रिझल्ट्स."

दुसऱ्या दिवशी जाऊन मी नवी आवृत्ती आणली. शेवटचा तिसरा हिस्सा दोनदा वाचला. त्यात साक्षीला आलेली म्हातारी नाही. पन्हं नाही. मुळात कोर्टच नाही. दुसऱ्या भागाच्या शेवटी कोर्ट उठतं ते पुन्हा भरतच नाही. पुढे नुसता पाठलाग, घाट, धुकं आणि दरी. तेव्हा कुठे, इतक्या वर्षांनी, भाभी लायब्ररीत काय म्हणाल्या ते मला कळलं. गटावर मी एवढंच लिहिलं की माझी चूक झाली. बाकी मनात म्हटलं, बरं झालं त्या लेखकाने कधी कोर्टात जाऊन बसायचे कष्ट घेतले नाहीत. त्याने सगळं बरोबर लिहिलं असतं तर माझे बाबा मान डोलवत बसले असते.

पुस्तक घेऊन मी बिबवेवाडीला गेले. आई आता एकटीच असते, तिला तसंच राहायचं आहे. ती गवार मोडत बसली होती. मी पुस्तक पुढे केलं आणि म्हटलं, "यात पन्हं नाही."

तिने मुखपृष्ठ बघितलं, माझ्याकडे बघितलं. "नसणारच," ती म्हणाली.

"मग तू काय वाचत होतीस?"

"तिसऱ्या भागात कोर्ट संपलं गं. नुसत्या गाड्या पळायला लागल्या. दोन दिवस वाचलं, हे अवाक्षर बोलले नाहीत. गाड्यांतलं त्यांना काय कळतंय चुकलेलं? मग मी कोर्ट चालू ठेवलं."

"मनाने?"

"मनानेच. जेवढं चुकवता येईल तेवढं चुकवत. दुपारी भांडी घासताना उद्या काय चुकायचं ते ठरवून ठेवायची."

मी पाट ओढून तिच्यासमोर बसले. मग विचारलं, "बाबांना कळलं नसेल?"

"न्यायाधीश वेलदोडा की केशर विचारतोय," आई म्हणाली, "आणि ह्यांना कळणार नाही?"

"मग बोलले का नाहीत?"

"बोलले की. तेच तर हवं होतं मला." तिने गवारीची एक शेंग मोडली, शीर ओढली. "शेवटी शेवटी तर मी पुस्तकातलं बरोबर वाचलं तरी चूक काढायचे. घाटात धुकं नसतं म्हणायचे. मी म्हटलं, असतं. म्हणाले, त्या ऋतूत नसतं. संपवायचं त्यांनाही नव्हतं गं."

खिडकीतून ऊन आत आलं होतं, मी पडदा ओढला. गटावर काय चाललंय ते तिला सांगितलं. कुणाला आवडलीय, कुणाला नाही, कुणी काय म्हटलंय. तिने लक्ष देऊन ऐकलं. शेवटी विचारलं, "खून कुणी केला होता मग?"

"तुला माहीत नाही? सगळी कादंबरी तू वाचलीस."

"माझं लक्ष ह्यांच्या तोंडाकडे असायचं."

मी म्हटलं, ठेवते पुस्तक, आता निवांत वाच. तिने हात पुसले, चष्मा लावला आणि मी चहा करेपर्यंत वाचत बसली. मोठ्याने नाही, मनातल्या मनात. चहा घेऊन आले तर पुस्तक मिटून गवारीच्या शेजारी ठेवलेलं होतं. तिसऱ्या-चौथ्या पानापुढे गेली नसावी.

"आवडलं नाही का?" मी विचारलं.

"तसं नाही," आई म्हणाली. "सलग वाचवत नाही मला. मध्ये कुणी अडवतच नाही."